उजवा खांदा अर्धा इंच खाली

२ मार्च, सोमवार

आज नव्या जागी आलो. ही वही सुनेने दिली. तिच्या ऑफिसात फुकट वाटली होती, घरात कोणाला नको होती, म्हणून माझ्याकडे आली. मीही तसाच इकडे आलो असं कोणी म्हणेल, पण आज मला वाईट लिहायचं नाही. आज मी खूश आहे. ऐंशी ओलांडल्यावर काम मिळालेला माणूस माझ्या माहितीत दुसरा नाही.

काम शिंप्याचंच. 'कालचे चौघे' नावाचा एक छोटा बँड आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी, सगळी तिशीच्या आतबाहेरची. साठ-पासष्ट सालात जशी गाणी असायची तशी नवी गाणी ही मंडळी आज रचतात आणि वाजवतात. नवं कापड आणून त्याला ठिगळं लावण्यातला प्रकार, पण वाजवतात मनापासून. त्यांना त्या काळच्या बेताचे तीन सूट हवेत. अरुंद कॉलर, तीन बटणं, नळीसारखी पँट. मुलीला फ्रॉक, तो पुढे ठरवायचा. बाजारातल्या शिंप्यांनी हात टेकले, म्हणून त्यांना म्हातारा शोधावा लागला. सूट होईपर्यंत राहायला हॉलमागची खोली.

हॉल रंगाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात टर्पेंटाइनचा वास येतो. हॉलच्या भिंतींना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेत, छतापर्यंत. एवढी अंडी खाल्ली कोणी, हे विचारायचं राहिलं. माझ्या खोलीत कॉट, कापायचं टेबल, पायाचं शिलाई मशीन आणि एक उंच खिडकी. हॉलमध्ये उघडणारं दार आहे, त्याला पडदा. नळ ठिबकतो, खाली फडकं ठेवलं. गॅसचा कॉक तीनदा पाहिला. बंद आहे.

मुलगा सोडायला आला होता. गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून वर आला नाही. पिशव्या मीच दोन खेपांत आणल्या. जाताना म्हणाला, बाबा, मजा करा.

३ मार्च, मंगळवार

मापं घेतली. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून माझी मी ठेवली. गातो तो लांब्या. ड्रम बडवतो तो ढोल्या. गिटारवाला चष्मिस. मुलगी ऑर्गन वाजवते, तिला मी पोरी म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मुलाच्या घरी मला कोणी हाकच मारत नाही, समोर येऊन बोलायला लागतात, त्यामुळे मास्तर ऐकून बरं वाटलं.

लांब्याचं माप : छाती ४०, खांदा साडेअठरा, बाही साडेपंचवीस. दोन्ही खांदे एका रेषेत. असा सरळ माणूस शिवायला सोपा.

हे लोक दुपारी तीनला येतात, सहाला जातात. मधे चहा. चहाला लांब्या माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारू लागला. तेव्हा तुम्ही काय घालायचा, कुठे फिरायचा, पोरींशी बोलायचा की नुसते बघायचा? ढोल्या म्हणाला, मास्तर नुसतं माप घेत असतील. सगळे हसले, मीही हसलो.

मग मी त्यांना सिनेमाचा किस्सा सांगितला. एकोणीस वर्षांचा होतो. मागच्या भिंतीवरून उडी मारून थेटरात घुसलो, तर पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटली. शिंप्याच्या पोराच्या कॉलरला सुई असायचीच. अर्धा सिनेमा अंधारात बसून पँट शिवली. दिवे लागले तेव्हा कळलं, पँट खुर्चीच्या गादीलाही शिवली गेली आहे. पोरी हसून हसून टेबलावर पडली. लांब्या हसला नाही. मांडीवर वही ठेवून लिहून घेत होता. माझ्या आयुष्यातलं काही कोणी लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

५ मार्च, गुरुवार

कामाची पद्धत ठरली. त्या काळच्या कोटाचा कागदी नमुना आज कुठेच मिळत नाही. माझ्याकडे मात्र तेव्हाचा एक कोट आहे, माझ्या लग्नातला, माझ्याच हातचा. तो उसवून त्याचे तुकडे नवीन कापडावर ठेवायचे आणि प्रत्येकाच्या मापाप्रमाणे वाढवून कापायचं. दिवसभर उसवत होतो. साठ वर्षांपूर्वीचा टाका अजून सुटायला तयार नव्हता. उजव्या खांद्यात जादा कापूस भरलेला निघाला. उमेदवारीत कोळशाची इस्त्री वाहून माझा उजवा खांदा अर्धा इंच उतरला, तेव्हापासून माझे सगळे कपडे त्या हिशेबाने शिवलेले.

यांची पद्धतही लिहून ठेवतो. रेकॉर्डला बारा गाणी लागतात. आठ झाली, चार राहिली. हॉलच्या कोपऱ्यात मोठ्या रिळांचं जुनं मशीन आहे. चौघे एकदम वाजवतात, मधे काही दुरुस्त करत नाहीत. चुकलं तर पहिल्यापासून. एकदा गाणं पुरं वाजलं की लांब्या 'झालं' म्हणतो आणि रीळ डब्यात जातं.

कोट उसवताना हिची आठवण आली. ती वरच्या मजल्यावर राहायची. त्यांच्याकडे रेडिओ होता, आमच्याकडे नव्हता. मी गाणी ऐकायला संध्याकाळी खिडकीखाली उभा राहायचो, हातात काज करायचं काम घेऊन. एक दिवस आवाज वाढला. दुसऱ्या दिवशीही वाढला. तिसऱ्या दिवशी वर पाहिलं तर ती बटण धरून उभी होती. हे मी चहाच्या वेळी सांगितलं नाही. सगळंच वाटून टाकायचं नसतं.

आणि एक गोष्ट तर कोणालाच सांगायची नाही. जाताना तिने मुलासाठी एक निरोप दिला होता. एकच वाक्य, माझ्या कानात. मुलगा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला राग होता. उशिरा येणाऱ्याला कशाला द्यायचा निरोप? म्हटलं, विचारील तेव्हा सांगेन, आई शेवटी काय म्हणाली म्हणून. अकरा वर्षं झाली. त्याने विचारलं नाही. मी दिला नाही.

९ मार्च, सोमवार

घोटाळा केला. लांब्याचा कोट कापताना जुन्या तुकड्यांभोवती खडू फिरवला आणि वाढवायचं विसरून सरळ कात्री चालवली. चाळीस छातीच्या माणसाला छत्तीसचा कोट. माझा लग्नातला कोट जसाच्या तसा, उतरत्या खांद्यासकट. कापड जुन्या साठ्यातलं आहे, आणखी मिळणार नाही. सांगितलं नाही. कच्च्या टाक्यावर जोडून ठेवला, ट्रायलला काय ते होईल. फार तर घरी पाठवतील. कोणत्या घरी, हा प्रश्न आहे.

नववं गाणं आज झालं. ते सिनेमाच्या अंधारात पँट शिवणाऱ्या कोणा पोराचं आहे. मधे सगळे मिळून ऊ-ला-ला करतात. गंमतशीर आहे. लांब्या पडद्यातून डोकावून म्हणाला, मास्तर, आवडलं का तुमचं गाणं? मी हो म्हणालो. माझं कसं ते कळलं नाही.

१० मार्च, मंगळवार

सकाळी सहज वहीची मागची पानं चाळली. तीन तारखेच्या पानावर तो सिनेमाचा किस्सा लिहिलाय. अक्षर माझं. मी एकोणीस वर्षांचा होतो म्हणे. मी आठवायला बसलो. थेटर आठवतं, भिंत आठवते. उडी आठवत नाही. सुई आठवत नाही. दुसऱ्या कोणाचं पत्र वाचावं तसं वाचलं.

वय झालं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, मला कालचं आठवत नाही, तुम्ही कुठलं घेऊन बसलात. पाणी प्या भरपूर.

१२ मार्च, गुरुवार

आज ट्रायल. लांब्याने कोट चढवला आणि तो बसला. बसला म्हणजे असा बसला की मी साठ वर्षांच्या धंद्यात पहिल्या ट्रायलला बसलेला कोट पाहिला नाही. छाती बरोबर, काखेचा मुंढा बरोबर. उजवा खांदासुद्धा.

मी टेप काढला, म्हटलं जरा पुन्हा बघू. छाती ३६. बाही चोवीस. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

मापात मी चुकत नाही. कापण्यात चुकेन, माणसात चुकेन, मापात नाही. दोनदा घेतलं, तीनदा घेतलं. लांब्या म्हणाला, मास्तर, गुदगुल्या होतात. मग त्याने बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळलं आणि नखाने शिवण दाबून पाहिली. शिंप्याशिवाय असं कोणी करत नाही. मी करतो.

१६ मार्च, सोमवार

दहावं गाणं. मी पडद्याआड काज करत होतो. चष्मिसने सुरुवात केली, मग पोरीचा ऑर्गन, मग लांब्या : 'आवाज वाढव, आवाज वाढव, खाली कुणी उभं आहे.'

सुई हातातच राहिली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त वहीत लिहिलं होतं. वही उशीखाली असते आणि मी दुपारी पाव आणायला जातो तेव्हा खोलीला कुलूप नसतं. उठून दारात गेलो. वाजवणं थांबवा म्हणायला गेलो आणि उभाच राहिलो, कारण गाणं चांगलं होतं. माझ्या पायांनी ठेका धरला होता. शेवटच्या ओळीला मला कळत होतं की काहीतरी चाललंय, हातातून दोरा निसटत जावा तसं, आणि तरी पुढची ओळ ऐकायची होती.

लांब्या म्हणाला, झालं.

खोलीत येऊन पाच तारखेचं पान उघडलं. खिडकी. रेडिओ. काज. शब्द वाचता येतात. हिच्याशी लग्न झालं एवढं मला माहीत आहे, पण आम्ही भेटलो कसे ते मला माझ्या वहीतून कळतंय.

१७ मार्च, मंगळवार

विचारलं लांब्याला. माझी वही वाचतोस का म्हणून. तो लाजला नाही. म्हणाला, मास्तर, वाचतो. दुसरं कोण वाचणार आहे? तुमच्या घरी कोणी वाचेल? ती वही तुमच्याबरोबर जळेल नाहीतर रद्दीत जाईल. आमच्याकडे राहिलं तर लोक नाचतील त्यावर.

मी सुईत दोरा ओवला.

मी म्हणालो, मला आता ते आठवत नाही. तो म्हणाला, गाणं दोघांकडे कसं राहील? आणि माझ्या पाठीवर थाप मारून चहा ओतायला गेला. उजवा खांदा खाली टाकून चालतो आता.

१८ मार्च, बुधवार

सदरा घातला तर उजव्या बाजूला वर ओढल्यासारखा वाटला. आरशासमोर टेप लावून पाहिलं. माझे दोन्ही खांदे सारखे झालेत. उतारवयात दुरुस्त झालो. आनंद व्हायला हवा होता.

मुलाला फोन केला, घरी येतो म्हणालो. तो म्हणाला, तुमच्या खोलीत नातवाचं अभ्यासाचं टेबल टाकलंय, परीक्षा होईपर्यंत थांबा, तिथे छान चाललंय ना? मी म्हणालो, छान चाललंय.

वही आता अंगावर ठेवतो, कमरेला बांधून.

२० मार्च, शुक्रवार

पोरी आज दाराशी आली, फ्रॉकबद्दल बोलायला. केस वर बांधत होती. केसातली पिन दातात धरून बोलत होती. आमची ही तशीच बोलायची. पिन दातात, अर्धे शब्द गिळलेले, आणि ऐकू नाही आलं म्हटलं की चिडायची.

हे मी कुठे लिहिलेलं नाही. सगळी पानं पाहिली. कुठेही नाही.

खरं लिहितो. मी पळून गेलो नाही त्याचं कारण घरी खोली नाही, हे नव्हे. धर्मशाळेत पडलो असतो. पण दुपारी तीन वाजता ती जिना चढून येते. पावलं तीच. मी सकाळपासून दाढी करून बसतो. ऐंशी वर्षांचा गाढव.

२३ मार्च, सोमवार

फ्रॉकचं मीच बोलून गेलो. लांब्याने नुसतं विचारलं, मास्तर, कसा शिवायचा? आणि पोरी समोर उभी होती, मान तिरकी करून. मी सांगितलं. निळा. गळ्याला पांढरी पट्टी. टेप न लावता शिवला होता मी हिला, नुसत्या नजरेने माप धरून, आणि तो अंगात गेला तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला माझं माप कसं ठाऊक? आणि मी तिच्याकडे बघत—

लांब्या लिहीत होता. मी बघत होतो की लिहितोय. तरी सांगत होतो. ऐकणारं माणूस समोर असलं की तोंड थांबत नाही.

२४ मार्च, मंगळवार

फ्रॉक शिवतोय. माप घेतलं नाही.

मुलाला फोन. म्हटलं, तुला आईचं काही सांगायचं आहे, समोर बसून. तो म्हणाला, बाबा, आत्ता मधेच हे काय? मग म्हणाला, रविवारी येतो. बरं वाटलं. चार दिवस कळ काढायची. निरोप पक्का आहे. मनात म्हणून पाहिला. शब्द न् शब्द आहे.

इथे लिहिणार नाही. लिहिलं की ते वाचतात. तोंडातही आणणार नाही.

२७ मार्च, शुक्रवार

अकरावं झालं. निळ्या फ्रॉकचं.

मी कानात बोळे घातले होते. उपयोग नाही. ठेका जमिनीतून येतो.

हिचा चेहरा गेला. डोळे मिटले की पोरी दिसते. फोटो मुलाच्या घरी, कपाटात, कुठल्या कप्प्यात कोण जाणे.

निरोप आहे. तो आहे. तेवढाच आहे.

लांब्या म्हणाला, एकच राहिलं, मास्तर. शेवटचं गाणं निरोपाचं हवं. पाच तारखेचं पान त्यानेही वाचलंय. मी म्हणालो, ते मिळणार नाही. सुई डोळ्यात घालीन. तो हसला. माझं हसू आहे ते.

२८ मार्च, शनिवार

शनिवारी हे लोक येत नाहीत. तरी तीन वाजता पावलं वाजली.

ती एकटीच. निळा फ्रॉक घालून. ट्रायल राहिली होती म्हणाली. मी गुडघ्यावर बसून खालची कड पाहत होतो, टाचण्या तोंडात. वरून तिने विचारलं. पिन दातात होती, तरी नीट कळलं. विचारलं, माझं सांगितलंत का त्याला?

मी वर पाहिलं.

ती म्हणाली, अकरा वर्षं झाली. एवढंसं काम सांगितलं होतं. सांगितलंत का पोराला?

मी काय करायला हवं होतं? पोरी आहे, ऑर्गन वाजवते, हे मला माहीत होतं. पण आवाज तो होता आणि चूक माझी होती. मी टाचण्या थुंकल्या. म्हणालो, नाही गं सांगितलं. रागावू नकोस. पण विसरलो नाही, बघ, तू असं म्हणाली होतीस— आणि म्हणून दाखवलं. सगळं. तिच्या शब्दांत. रडत रडत.

ती म्हणाली, हं.

पडद्यामागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

२९ मार्च, रविवार

निरोप अजून आहे. गाणं पुरं वाजेपर्यंत असतं. उद्या तीनपर्यंत आहे.

आठ वाजल्यापासून जिन्याच्या तोंडाशी बसलो. धुतलेला सदरा. रंगाच्या दुकानदाराने दोनदा विचारलं, कोणाची वाट बघताय? म्हटलं, मुलगा येतोय. तो म्हणाला, वा, नशीबवान आहात.

एक वाजता फोन आला. नातवाचा जादा तास आहे, पुढच्या रविवारी नक्की. मी 'ऐक' म्हणालो तोवर तो कोणाशी तरी दुसरंच बोलत होता, मग 'बरं बाबा' म्हणून ठेवलाही.

पुन्हा लावायला हवा होता. लिहून ठेवायलाही हवं, आता लपवायचं काय राहिलंय? पण मी फुगलो. अकरा वर्षं फुगलोय तसाच. बापाला जिन्यात बसवतो आणि निरोप पाहिजे? येऊन विचारील तेव्हा सांगेन.

३० मार्च, सोमवार

अडीच. फोन लागत नाही. चार वेळा केला.

दोन पन्नास. चौघे आले. लवकर आले. तिघांच्याही अंगावर माझे कोट. ती माझ्याकडे बघून लांब्याला म्हणाली, हे म्हातारे कोण? तो म्हणाला, शिंपी आहेत.

दाराला टेबल लावलंय. लिहून ठेवतो. जो वाचेल त्याने मुलाला द्यावं.

पोरा, हे तुझ्यासाठी. दवाखाना, सकाळचे साडेदहा. तू वाटेत होतास. उशीर तू केला नव्हतास. आदल्या संध्याकाळीच डॉक्टर म्हणाले होते, मुलाला बोलवा. मला वाटलं, उगाच धावपळ होईल, रात्र निघेल. मी फोन सकाळी केला. हे तुला कधी कळू दिलं नाही. राग तुझ्यावर काढला.

तिने मला खाली वाक म्हणून खूण केली. तोंडाला कोरड होती. मी कान लावला—

गिटार. सुरू झालं—

ती म्हणाली, त्याला सांगा, मी रागा— नाही. हे मी घालतोय माझ्या पदरचं. असं नव्हती म्हणाली. दुसरं होतं. यापेक्षा साधं—

ऑर्गन आला. लांब्याच्या तोंडी ते शब्द आहेत, मला इथे ऐकू येतायत आणि ऐकलेला शब्द लगेच— लिहायला घेतो तोवर—

तुझं नाव घेतलं होतं तिने. लहानपणचं. ते घेऊन म्हणाली की तू—

टाळ्या वाजवतायत मधे. दोन ओळी राहिल्या असतील. पोरा, ऐक, तुझी आई म्हणाली, त्याला सांगा की तो